पी. व्ही. नरसिंह राव यांचे आर्थिक धोरण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्याचे विचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९१ ते १९९६ या पाच वर्षांबद्दल विद्यार्थी, शिक्षक, बँकेतली माणसे आणि शेतकरी चळवळीतले कार्यकर्ते पुन्हापुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नरसिंह राव मूळचे कुठले? महाराष्ट्राशी त्यांचा काय संबंध?

जन्म २८ जून १९२१, तेलंगणातल्या वरंगळ भागातला. १९७१ ते १९७३ ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री होते. पुढे केंद्रात परराष्ट्र खाते त्यांनी दोनदा सांभाळले. २१ जून १९९१ ते १६ मे १९९६ या काळात ते पंतप्रधान होते आणि २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. महाराष्ट्राशी नाते जुने आहे. त्यांच्या शिक्षणाचा काही काळ पुण्यात आणि नागपुरात गेला, मराठी ते सफाईने बोलत आणि मराठीतून तेलुगूत त्यांनी अनुवादही केला. १९८४ आणि १९८९ अशा दोन लोकसभा निवडणुका त्यांनी रामटेकमधून जिंकल्या. १९९१ ची निवडणूक मात्र त्यांनी लढवलीच नव्हती. पंतप्रधान झाल्यानंतर नोव्हेंबर १९९१ मध्ये आंध्र प्रदेशातल्या नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत आले.

२. त्यांचा आर्थिक विचार थोडक्यात काय होता?

खासगी भांडवलाला जे जमते त्यातून सरकारने हात काढावा, आणि मोकळा झालेला पैसा व लक्ष खेड्यातली शाळा, दवाखाना, पाणी आणि रोजगार यांकडे वळवावे. एप्रिल १९९२ च्या काँग्रेसच्या तिरुपती अधिवेशनात त्यांनी याला मध्यम मार्गाचे रूप दिले. सरकारने सगळे चालवायचे नाही आणि बाजारावर सगळे सोडायचेही नाही. दारिद्र्यरेषेखालचा माणूस वरून झिरपत येणाऱ्या समृद्धीची वाट पाहत बसू शकत नाही, त्याच्यापर्यंत थेट पैसा पोचला पाहिजे, हा त्यांचा धरून ठेवलेला मुद्दा. हा अर्धा भाग लोक विसरतात आणि उरलेल्या अर्ध्यावरून त्यांना ओळखतात. (प्रश्न १० पाहा.)

३. १९९१ साली असं काय बिघडलं होतं?

दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली आतली : १९८० च्या दशकात सरकारने कर्ज काढून खर्च वाढवत नेला होता आणि १९९०-९१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवावा लागणारा खर्च, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या वर गेली होती. दुसरी बाहेरची : ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेल महागले, आखातातल्या भारतीयांचे पैसे येणे अडले, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. सोव्हिएत संघाशी होणारा रुपयातला व्यापारही कोसळत होता. जून १९९१ मध्ये परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. परदेशी बँकांनी अल्पमुदतीची कर्जे पुन्हा फिरवून द्यायला नकार दिला, आणि इथेच गळफास बसला. एवढ्या मोठ्या देशाचे हप्ते थकणे म्हणजे पुढची कित्येक वर्षे तेल, खत आणि औषधे रोख पैसे मोजून आणावी लागणे.

४. देशाचं सोनं नरसिंह रावांनी गहाण टाकलं, हे खरं का?

अर्धे खरे. सोने दोनदा बाहेर गेले आणि लोक ते दोन्ही व्यवहार एकत्र करतात. मे १९९१ मध्ये, चंद्रशेखर सरकारच्या काळात, तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडमधल्या बँकेला परत खरेदीच्या अटीवर देण्यात आले. जुलै १९९१ मध्ये, राव पंतप्रधान असताना, रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या साठ्यातले सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवले आणि त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. हे तारण त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत सोडवले गेले. रक्कम संकटाच्या मानाने लहान होती. घरातले दागिने मोडू पण हप्ता चुकवणार नाही, हे धनकोंना दाखवण्यासाठी ते पाऊल होते.

५. रुपयाचं अवमूल्यन दोन हप्त्यांत का केलं? एकदाच का नाही?

पहिली कपात १ जुलैला, दुसरी ३ जुलैला. डॉलर सुमारे २१ रुपयांवरून सुमारे २६ रुपयांवर गेला, म्हणजे रुपया एकूण १८ टक्क्यांच्या आसपास उतरला. पहिली पायरी बाजाराचा अंदाज घेण्यासाठी लहान ठेवली होती. १९६६ च्या अवमूल्यनाने इंदिरा गांधींना किती राजकीय मार बसला हे राव विसरले नव्हते. पहिल्या कपातीनंतर ओरड सुरू होताच ३ जुलैच्या सकाळी त्यांनी दुसरी थांबवायला सांगितले. मनमोहन सिंग यांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तोवर नवा दर जाहीर होऊन गेला होता.

या प्रसंगावरून राव सुधारणांना विरोधी होते असा निष्कर्ष काढणे चूक आहे. झालेला निर्णय त्यांनी मागे घेतला नाही आणि अर्थमंत्र्यांना उघड्यावर सोडले नाही.

६. निर्यातदारांचं रोख अनुदान बंद केलं, मग त्यांना काय मिळालं?

रुपया उतरल्याने निर्यातीला आपोआप उठाव मिळणार होता, म्हणून रोख अनुदान लगेच काढले. त्या जागी ४ जुलै १९९१ ला एक्झिम स्क्रिप आली. १०० रुपयांची निर्यात केली की ३० रुपयांच्या आयातीचा हक्क देणारा कागद निर्यातदाराला मिळे. तो वापरावा, नाहीतर बाजारात चढ्या भावाने विकावा. परवाने देणाऱ्या बाबूच्या हातातली आयातीची चावी अशी निर्यातदाराच्या हातात आली.

मार्च १९९२ मध्ये पुढची पायरी आली : दोन दरांची पद्धत. मिळालेल्या परकीय चलनातला ४० टक्के भाग सरकारी दराने द्यायचा, ६० टक्के बाजारभावाने विकायचा. सरकारी दराने आलेले डॉलर तेल, खत, जीवरक्षक औषधे अशा गरजेच्या आयातीला लागत. यातली अडचण उघड होती : ४० टक्क्यांवरचा तोटा हा निर्यातदारावर लादलेला छुपा करच होता. म्हणून मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक केले. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला, म्हणजे माल, सेवा, व्याज अशा रोजच्या व्यवहारांसाठी चलन मिळणे खुले झाले. भांडवली खाते मात्र खुले केले नाही. परदेशात घर किंवा शेअर घ्यायला पैसे पाठवणे तेव्हा बंदच राहिले.

७. लायसन्स राज, म्हणजे उद्योग काढायला सरकारी परवाना लागण्याची पद्धत, एका दिवसात संपलं म्हणतात, ते कसं?

तो दिवस २४ जुलै १९९१. नवे औद्योगिक धोरण दुपारी संसदेत ठेवले गेले आणि संध्याकाळी अर्थसंकल्प मांडला गेला. साऱ्यांचे डोळे अर्थसंकल्पाकडे असल्याने पहिल्या कागदाकडे त्या दिवशी कमी लोकांनी पाहिले. उद्योग खाते रावांनी स्वतःकडे ठेवले होते. धोरण त्यांचे, सभागृहात ते ठेवले राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी.

त्यात चार मोठे बदल होते. १८ उद्योग वगळता बाकी सर्वांचा परवाना रद्द. १०० कोटींवर मालमत्ता असलेल्या घराण्यांना विस्तारासाठी लागणारी मक्तेदारी कायद्याखालची पूर्वपरवानगी रद्द. सरकारी क्षेत्रासाठी राखीव उद्योग १७ वरून ८. आणि ३४ उद्योगांत परकीय भागभांडवलाला ५१ टक्क्यांपर्यंत आपोआप मंजुरी. त्याआधी ही मर्यादा साधारणपणे ४० टक्के होती. मोठ्या परकीय प्रस्तावांसाठी गुंतवणूक मंडळ थेट पंतप्रधान कार्यालयात बसवले, कारण फाइल खात्याखात्यांत फिरली की तिथेच मुरते हे राव मंत्री म्हणून वर्षानुवर्षे पाहत आले होते.

मसुद्याला मंत्रिमंडळात विरोध झाला. तेव्हा नेहरू, इंदिरा आणि राजीव यांच्या धोरणांचे सातत्य सांगणारी लांब प्रस्तावना जोडली गेली. आतली कलमे जवळपास तशीच राहिली आणि धोरण मंजूर झाले. रावांची पद्धत इथे सर्वांत स्पष्ट दिसते : बदल करायचा, पण तो परंपरेच्या भाषेत सांगायचा.

८. श्रेय मनमोहन सिंगांचं की रावांचं?

आखणी अर्थमंत्री मनमोहन सिंग, व्यापारमंत्री पी. चिदंबरम, प्रधान सचिव अमरनाथ वर्मा आणि माँटेकसिंग अहलुवालिया, राकेश मोहन यांच्यासारख्या अधिकाऱ्यांची. यातले बरेच कागद आधीच्या सरकारांच्या काळातच तयार होते. ते अमलात यायला हवा होता तो राजकीय निर्णय, आणि तो रावांचा. सभागृहात बहुमत नव्हते, पक्षात नाराजी होती. अशा वेळी राजकारणाबाहेरचा अर्थतज्ज्ञ अर्थखात्यात आणणे, त्याला संरक्षण देणे आणि कुठे थांबायचे हे ठरवणे ही कामे अर्थमंत्र्याला स्वतःच्या बळावर करता आली नसती. श्रेय दोघांचे आहेच, पण वाटणी करायचीच झाली तर राजकीय जोखीम रावांच्या खात्यावर लिहावी लागेल.

९. हे सगळं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या संस्थेने, लादलं होतं ना?

अटी होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. ३१ ऑक्टोबर १९९१ ला नाणेनिधीने सुमारे २.२ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि तूट कमी करणे, आयात खुली करणे ही त्यामागची अपेक्षा होती. पण तारखा पाहा. अवमूल्यन, व्यापारधोरण आणि औद्योगिक धोरण हे सगळे जुलैत झाले, करार त्यानंतर. ते कर्ज संपल्यावर दुसरा कार्यक्रम भारताने घेतला नाही, तरी आयातशुल्क उतरतच राहिले : कमाल दर १९९१ मध्ये १५० टक्के, मग ११०, ८५, ६५ आणि १९९५ मध्ये ५० टक्के. गळ्यावर हात असताना केलेले काम हात निघाल्यावर कुणी पुढे नेत नाही. मार्च १९९५ पर्यंत परकीय चलनाची गंगाजळी २५ अब्ज डॉलरच्या आसपास गेली होती.

१०. खेड्यातल्या माणसासाठी काय केलं?

सुरुवात कडू होती. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात खताचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले. विरोध झाल्यावर वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि अल्प व अत्यल्प भूधारकांना सूट दिली. ही सूट कागदावर सोपी आणि गावात अवघड ठरते, कारण दुकानातले पोते कुणाच्या शेतात जाते हे तपासणार कोण?

खर्चाच्या बाजूने मात्र बदल खरा आहे. सातव्या पंचवार्षिक योजनेत ग्रामविकासाला सुमारे ७,००० कोटी होते, आठव्या योजनेत ३०,००० कोटी ठेवले गेले. २ ऑक्टोबर १९९३ ला मागास तालुक्यांत १०० दिवसांच्या कामाची रोजगार आश्वासन योजना सुरू झाली. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात आपली रोजगार हमी दिसेल, आणि नाते आहेच. फरक असा की महाराष्ट्रात कामाचा हक्क १९७७ च्या कायद्याने दिलेला होता, केंद्राची योजना केवळ प्रशासकीय होती. काम मिळाले नाही तर दाद मागायला कायदेशीर आधार नव्हता. तो देशभर यायला २००५ उजाडले. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्तीही याच काळातली. ती आर्थिक सुधारणांच्या यादीत कुणी धरत नाही. धरायला हवी.

११. मग सरकारी कंपन्या का विकल्या नाहीत? कामगार कायदे का बदलले नाहीत?

कारण त्यांना ते करायचे नव्हते. १९९१-९२ मध्ये काही सरकारी कंपन्यांचे थोडेथोडे शेअर म्युच्युअल फंड आणि वित्तसंस्थांना विकून ३,००० कोटींच्या वर रक्कम आली, पण मालकी सरकारचीच राहिली. ती विक्री एकत्र गाठोडी बांधून केली होती, त्यामुळे चांगल्या कंपनीचा शेअरही कमकुवत कंपनीच्या भावात ओढला गेला. कामगार कपातीच्या कायद्याला हात लावला नाही. त्याऐवजी विस्थापित कामगारांसाठी राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला, जो बहुतांशी स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतच संपला आणि नवे कौशल्य शिकवण्याचे काम मागे राहिले. गिरणगावातल्या कामगारांचे हाल पाहिलेल्या मुंबईकराला ही उणीव वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१२. डंकेल प्रस्तावाने शेतकरी बुडणार असं तेव्हा म्हणत होते. रावांनी सही का केली?

डिसेंबर १९९१ मध्ये गॅट या जागतिक व्यापारविषयक कराराचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी जागतिक व्यापार वाटाघाटींचा एकत्रित मसुदा ठेवला. अट अशी की घ्यायचा तर सगळा घ्या. रावांचे गणित होते की बाहेर राहिलो तर प्रत्येक बड्या देशाशी एकट्याने भांडावे लागेल. आत राहिलो तर निदान सर्वांना लागू असलेला नियम आणि तंटा सोडवणारी यंत्रणा मिळेल. १५ एप्रिल १९९४ ला माराकेशला करार झाला, १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य झाला.

शेतकऱ्यांत एकमत नव्हते. कर्नाटकात नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने कडवा विरोध केला. महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने पाठिंबा दिला. जोशींचा युक्तिवाद साधा होता : भारतीय शेतकऱ्याला सबसिडी मिळत नसून उलट निर्यातबंदी आणि लेव्हीने (सरकारला ठरावीक भावात सक्तीने द्यावा लागणारा माल) त्याचा भाव पाडला जातो, म्हणजे त्याची सबसिडी उणे आहे. बाजार खुला झाला तर त्याचे नुकसान होणार नाही. सबसिडी कमी करण्याची सक्ती भारताला तेव्हा लागू झाली नाही ती याच उणे आकड्यामुळे. शुल्काची कमाल मर्यादाही भारताने उंच बांधून घेतली : कच्च्या शेतमालावर १०० टक्के, प्रक्रिया केलेल्यावर १५०, बहुतेक खाद्यतेलांवर ३००. बुडण्याची भीती अशी आकड्यांत खरी ठरली नाही. पण श्रीमंत देश आपल्या सबसिड्या घटवतील ही आशाही फळली नाही, आणि तिथे रावांचा हिशेब चुकला असे म्हणावे लागते.

१३. बियाणं राखून ठेवता येणार नाही आणि औषधं महागतील, या भीतीचं काय झालं?

बियाण्याची भीती टळली. माराकेशच्या करारात वनस्पती वाणांसाठी पेटंट किंवा देशाचा स्वतंत्र कायदा असा पर्याय होता. भारताने दुसरा निवडला आणि २००१ च्या कायद्यात शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, बदलून घेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. अट एकच, संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकायचे नाही.

औषधांचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे. १९७० च्या कायद्यात औषधाच्या कृतीला पेटंट होते, औषधाला नव्हते. उत्पादनाच्या पेटंटसाठी २००५ पर्यंत मुदत मिळाली. मध्यंतरी येणाऱ्या पेटंट अर्जांच्या सोयीसाठी ३१ डिसेंबर १९९४ ला काढलेला अध्यादेश राज्यसभेत विधेयक अडल्याने बाद झाला, आणि त्यावरून पुढे अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तंटा जिंकला.

१४. ‘पूर्वेकडे पाहा’ धोरण म्हणजे नेमकं काय? त्याचा अर्थकारणाशी काय संबंध?

सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये संपला आणि भारताचा सर्वांत मोठा आधार गेला. पश्चिमेकडे भांडवल होते, पण त्याबरोबर अण्वस्त्रप्रसाराच्या प्रश्नावरचा दबावही होता. पूर्व आशियात भांडवल, तंत्र आणि बाजार होते, तेही तुलनेने कमी अटींत. जानेवारी १९९२ मध्ये भारत आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा क्षेत्रीय (ठरावीक विषयांपुरता) संवाद भागीदार झाला, डिसेंबर १९९५ मध्ये पूर्ण. १९९४ च्या प्रजासत्ताक दिनाला सिंगापूरचे पंतप्रधान गोह चोक तोंग पाहुणे होते आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रावांनी सिंगापूरमधल्या भाषणात आशिया-पॅसिफिक हाच भारताच्या जागतिक बाजारात उडी घेण्याचा तक्ता असल्याची मांडणी केली. १९९३ मध्ये ते दक्षिण कोरियाला गेले. म्यानमारशी १९९४ मध्ये सीमाव्यापाराचा करार झाला आणि १९९५ मध्ये मणिपूरमधले मोरे नाके उघडले. रस्ते आणि बंदोबस्त यांअभावी तो व्यापार फार वाढला नाही.

१५. इस्रायल, चीन, रशिया... इतक्या दिशांना एकदम कसे वळले? अलिप्तता सोडली का?

रावांच्या दृष्टीने ही सगळी एकाच कामाची टोके होती : कुणा एकावर अवलंबून राहायचे नाही. अलिप्ततेचा तोच मूळ अर्थ, असे ते मानत, आणि १९९२ च्या अलिप्त राष्ट्रांच्या जाकार्ता परिषदेला ते गेले. मार्च १९९४ मध्ये जी-१५ या विकसनशील देशांच्या गटाची परिषद दिल्लीत भरली. श्रीमंत देश कामगार मानकांची सांगड व्यापाराशी घालू पाहत होते, त्याला भारताने विकसनशील देशांबरोबर उभे राहून विरोध केला.

इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ ला जोडले, पण त्याच महिन्यात यासर अराफत दिल्लीत येऊन गेले होते. चीनशी ७ सप्टेंबर १९९३ चा करार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्यापुरता. त्याने सीमावाद सुटला नाही, तसा दावाही नव्हता. रशियाशी रुबलमधल्या जुन्या कर्जाचा हिशेब जानेवारी १९९३ मध्ये मिटला. त्यातला सुमारे ३७ टक्के भाग ४५ वर्षांत बिनव्याजी फेडायचा ठरला.

१६. एन्रॉनचं पाप रावांच्या धोरणाचं का?

अंशतः होय. परकीय भांडवलाला घाईने बोलावताना जोखीम कुणाकडे राहते हे नीट पाहिले गेले नाही, त्याचे हे ठळक उदाहरण. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या गुहागर तालुक्यातल्या वीजप्रकल्पाचा समझोता जून १९९२ मध्ये झाला, वीज खरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे राज्य वीज मंडळाने द्यायचे, दर डॉलरशी आणि आयात इंधनाशी बांधलेला, मंडळ चुकले तर राज्य सरकारची हमी आणि राज्य चुकले तर केंद्राची प्रतिहमी. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प परवडणार नाही म्हणून कर्ज नाकारले होते. रुपया घसरला आणि इंधन महागले की सगळा भार एकदम मंडळावर पडणार, हे कागदावरच दिसत होते. राज्यातल्या युती सरकारने १९९५ मध्ये करार रद्द केला, पुन्हा बोलणी केली, १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. कराराची जबाबदारी मुंबईतल्या सरकारांची, प्रतिहमी देण्याची दिल्लीची.

१७. कुठली बाब या काळातली समजतात, पण नाही?

परकीय चलन नियमन कायदा १९९३ मध्ये सैल झाला, रद्द झाला नाही. त्याची जागा घेणारा नवा कायदा जून २००० पासून लागू झाला. मक्तेदारी कायदा १९९१ मध्ये बोथट केला, तो संपला २००९ मध्ये. शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी १९८८ ची, तिला वैधानिक दर्जा १९९२ चा. विमा क्षेत्र रावांनी उघडले नाही, त्याच्या सुधारणांवर नेमलेली मल्होत्रा समिती मात्र त्यांच्या काळातली. आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध, जे १९९१ मध्येच उठले असे सर्रास लिहिले जाते, ते प्रत्यक्षात १ एप्रिल २००१ ला उठले. परदेशी घड्याळ किंवा चॉकलेट दुकानात उघडपणे दिसायला लागले ते रावांनंतर पाच वर्षांनी.